कात्रज ते सिंहगड, दिवसाउजेडी

पौर्णिमेच्या जवळचा शनिवार आला, की संध्याकाळपासून कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी माणसं जमायला लागतात. कुणी स्वारगेटहून एसटीनं आलेलं, कुणी मित्राच्या दुचाकीवरून उतरलेलं, कुणाला मुंबईहून मिनीबस भरून आणलेलं. पाठीवर सॅक, कपाळावर हेडटॉर्च, पायांत बऱ्याचदा कोरे करकरीत बूट. वाघजाईला नमस्कार करून रांग अंधारात शिरते आणि पुढे पहाटेपर्यंत धारेवरून बॅटऱ्या सरकताना खालून दिसत राहतात. तेरा डोंगर चढायचे, तेरा उतरायचे, उजाडता उजाडता सिंहगड गाठायचा, तिथं पिठलं-भाकरी हाणायची आणि सोमवारी ऑफिसात लंगडत जायचं. ट्रेकरांच्या बोलीत याचं नाव ‘केटूएस’. पुण्यात राहून ज्यानं हे केलं नाही, त्याला ‘मी डोंगरात जातो’ असं म्हणायची सोय उरलेली नाही.

रात्री जाण्याची कारणं खरी आहेत. धारेवर सावली नाही, पाणी नाही आणि मार्चनंतरच्या उन्हात इथे अडकलेल्या माणसाची अवस्था वाईट होते. पण हौशी मंडळी नोव्हेंबर-डिसेंबरातसुद्धा रात्रीच जातात, तेव्हा ते कारण उरत नाही. मग उरते ती नुसती रीत. पुढच्याच्या टाचेवर बॅटरीचा झोत धरून आठ-नऊ तास चालायचं, उजवीकडे पुण्याचे दिवे बघायचे, डावीकडे महामार्गाचे. चालण्याचा व्यायाम झकास होतो. फक्त ज्या डोंगरावरून आपण गेलो तो डोंगर बघायचा राहतो. आणि हा डोंगर बघण्यासारखा आहे. विशेषतः त्याच्या पायथ्याशी घर असलेल्यांनी तर तो बघायलाच हवा.

म्हणून आम्ही तिघं दिवाळीनंतरच्या एका आडवारी पहाटे निघालो. मी, भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माझा एक मित्र आणि त्याची कॉलेजात जाणारी भाची. भाची आदल्या वर्षी हीच वाट रात्री चालून आली होती. काय पाहिलंस, असं मामानं विचारल्यावर तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, “समोरच्याची सॅक.”

पहिला चढ अंगावर येतो. झोप उतरलेली नसते, पोटऱ्या तापलेल्या नसतात आणि मुरमाड वाट सरळ वर जाते. अर्ध्या तासात माणूस धारेवर पोचतो आणि मग पहिल्यांदा मागे वळून बघतो. खाली कात्रजचा घाट. लाल महालावर छापा घालून, शाहिस्तेखानाची बोटं छाटून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघाले, तेव्हा पाठलागावरच्या फौजेला चकवण्यासाठी याच घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, ही गोष्ट मराठी घरात वाढलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. छापा ५ एप्रिल १६६३ चा, तो इतिहास. बैलांची गोष्ट आख्यायिकेत मोडते. पण उजेडात इथे उभं राहिलं, की ती रचणाऱ्याला भूगोल पक्का माहीत होता हे मान्य करावं लागतं. खाली पुण्याच्या सपाटीवरून बघणाऱ्याला हा घाट लांबवर दिसतो, आणि महाराजांना जायचं होतं ते ठिकाण त्याच डोंगररांगेच्या पार दुसऱ्या टोकाला.

ही रांग म्हणजे भुलेश्वर रांग. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून फुटून ती पूर्वेकडे जाते. सिंहगड, कात्रज, बोपदेव, दिवे असे घाट आणि माथे घेत भुलेश्वरच्या देवळाकडे उतरत जाते. आपण तिचा जो तुकडा चालतो, तो सरळ रेषेत बाराएक किलोमीटर भरेल. चढ-उतार आणि वळसे धरून पायांखाली पंधराच्या पुढे जातो. दिशा पश्चिमेची. सकाळभर ऊन पाठीवर आणि दुपारनंतर तोंडावर.

दुसऱ्या डोंगराच्या माथ्यावर चहाचा थर्मास उघडला आणि मित्रानं भाचीच्या हातातली बाटली मागून घेतली. थोडं पाणी त्यानं उजव्या अंगाला सांडलं, थोडं डाव्या. पाणी मोजून आणलेलं असताना हा उद्योग भाचीला आवडला नाही, पण त्याला सांगायचं होतं ते सांगून झाल्यावर ती गप्प झाली. उजवीकडचं पाणी पुण्याचं. या पूर्वेकडच्या भागात ते कात्रजच्या तलावांत आणि आंबील ओढ्यात जातं, पुढे सिंहगडाजवळ खडकवासल्याच्या धरणात. दोन्ही वाटांनी अखेर मुठेत. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत. डावीकडचं पाणी शिवगंगेचं. ते खेड शिवापूरवरून खाली जातं, गुंजवणीतून नीरेत, नीरेतून वीर धरणात. एका पावलाच्या अंतरावर पडलेले पावसाचे दोन थेंब असे वेगवेगळ्या तालुक्यांची, धरणांची, कालव्यांची शेतं भिजवत निघतात आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर पुन्हा एकत्र येतात. तिथून पुढे पंढरपूर. रात्री ज्या धारेवर लोक ‘अजून किती राहिले?’ एवढंच विचारत चालतात, ती धार म्हणजे हा पाणलोटाचा माथा आहे.

कात्रजच्या तलावातून पुण्याला पाणी न्यायची कल्पना अठराव्या शतकाच्या मध्यातली, नानासाहेब पेशव्यांच्या काळातली. जमिनीखालून दगडी नळ बांधून, नुसत्या उतारावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत पाणी पोचवलं. वरून बघताना हे काम किती सरळ हिशेबाचं होतं ते दिसतं: डोंगर इथे, शहर तिथे, मध्ये उतार. त्याच पेशव्यांनी आंबील ओढ्याचा शहरातून वाहणारा प्रवाह पर्वतीच्या बाजूला वळवला. पाण्याला वळवता येतं, हे त्यांना कळलं होतं. त्याला जागा ठेवावी लागते, हेही कळलेलं असावं.

पुढच्यांना ते कळलं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या रांगेवर ढग कोसळले. आंबील ओढा अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंती पाडत घुसला. गाड्या वाहून गेल्या, जनावरं दावणीला बुडाली, पुणे शहर आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. त्यांतली पाच डोंगराच्या दुसऱ्या बाजूची, खेड शिवापूरच्या दर्ग्यात झोपलेली. वर्तमानपत्रांत या दोन वेगवेगळ्या जागच्या बातम्या होत्या. धारेवर उभं राहिलं, की कळतं त्या एकाच डोंगराच्या दोन उतारांवरच्या होत्या. त्याआधी सहा वर्षं, जून २०१३ मध्ये, नव्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ महामार्गावर आलेल्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या. वरचा डोंगर बेकायदा फोडून पाण्याची वाट अडवली होती, म्हणून ते पाणी रस्त्यावर आलं होतं.

आजही वरून खाली बघत चाललं, तर उतारांवर जागोजागी तांबड्या जखमा दिसतात. डोंगर उभा कापून सपाट केलेले तुकडे, त्यांवर प्लॉटचे खुणेचे दगड, एखादी कमान, शेजारी इमारतीचा सांगाडा. ओढे दिसतात ते वरच्या निम्म्या भागात. खाली उतरताना एका ठिकाणी ओढा भिंतीपाशी संपतो आणि पलीकडे पार्किंग सुरू होतं. रात्री यातलं काही दिसत नाही. रात्री फक्त दिवे दिसतात आणि दिवे सुंदरच असतात.

आता डोंगर किती, हा प्रश्न. तेरा हा रूढ आकडा. कुणी चौदा सांगतं, कुणी सोळा. एका ग्रुपनं अठरा मोजल्याचं मी ऐकलं आहे, पण त्यांची वाट चुकली असावी. भांडणाचं मूळ असं, की दोन माथ्यांमध्ये किती खोल खिंड असली म्हणजे डोंगर निराळा धरायचा, हे कुणी ठरवलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थानं १८९१ साली तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी छापली, तेव्हापासून तिथेही हा वाद चालू आहे. यादी अधूनमधून दुरुस्त होते, सध्या २८२ वर आहे, आणि ती पुरी करण्यात लोक आयुष्य घालवतात. ब्रिटनमधलं सर्वांत उंच बेन नेव्हिस १,३४५ मीटर. आपला सिंहगड १,३१२. राजगड आणि तोरणा दोघेही बेन नेव्हिसपेक्षा उंच. अर्थात आपण पाचशे-सहाशे मीटरच्या पठारावरून चढायला सुरुवात करतो आणि ते जवळजवळ समुद्रापासून, त्यामुळे ही फुशारकी मारताना आवाज जरा खाली ठेवावा.

मधल्या डोंगरांना ट्रेकरांनी नावं ठेवलेली नाहीत, नुसते नंबर आहेत. सहाव्या की सातव्या खिंडीत एक गुराखी भेटला. शेरडं चारत होता. हा कितवा डोंगर, असं भाचीनं विचारलं तर तो बुचकळ्यात पडला. कितवा म्हणजे कुठून, त्यानं विचारलं. त्याचं गाव खाली डावीकडे; तो रोज बाजूनं चढून येतो आणि बाजूनंच उतरतो. आमचा पहिला डोंगर त्याच्या लेखी लांबचा, परक्या शिवारातला. रात्रीच्या लोकांचं काय म्हणून विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, की बाटल्या टाकतात आणि जनावरं बिचकतात. मग त्यानं तंबाखू मळली आणि आमच्याकडचं एक संत्रं घेतलं.

सगळे माथे साधारण सारखे का दिसतात, त्याचं उत्तर दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा भेगांतून वर येऊन पसरला. पुन:पुन्हा आला, आणि भाकरींच्या चळतीसारखे आडवे थर बसत गेले. काही थर कठीण, काही पोकळ्यांनी भरलेले आणि ठिसूळ. दोन थरांमध्ये कुठे कुठे भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा. कठीण थर झिजता झिजत नाही, तो कडा होऊन उभा राहतो. ठिसूळ थर मागे सरतो, तिथे पायरी पडते. सह्याद्रीतला कुठलाही डोंगर लांबून पायऱ्या पाडल्यासारखा दिसतो तो यामुळे. पाण्यानं भेगांच्या रेषेवर धार कापली, तिथे खिंडी झाल्या. म्हणजे आपण डोंगर चढतो-उतरतो असं म्हणत असलो, तरी खरं तर एकच जुनं पठार आहे आणि पाण्यानं त्यातून जेवढं काढून नेलं, तेवढं आपल्याला उतरावं लागतं. मित्र हे सांगत होता तेव्हा आम्ही आठव्या उतारावर होतो आणि पाण्याविषयी फारसं चांगलं बोलायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

कारण या वाटेचा खरा कस उतारावर लागतो. चढावर फार तर दम लागतो. थांबलं की तो ओसरतो. उतारावर घसारा आहे. सुटा मुरूम, त्यावर वाळलेलं गवत, खाली कठीण खडक. काठी आडवी धरून, टाच रोवून, कधी सरळ बसून उतरायचं. रात्री इथेच रांगा तुंबतात. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या नडगीवर येतो. शंभर-शंभर जणांचे कळप घेऊन येणारे आयोजक दर दहा माणसांमागे धड एक जाणता माणूसही ठेवत नाहीत, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे आणि अशा एका कळपात एकदा सापडूनही बघितलं आहे. डोंगराला त्याचं काही वाटत नाही. पायवाटा मात्र रुंदावून पन्हळी होतात आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी त्याच पन्हळींतून माती घेऊन खाली जातं. तांबड्या जखमांना नावं ठेवताना हेही आपल्या खात्यावर धरायला हवं.

पावसाळा सरताना ही धार सोनकीनं पिवळी होते, ओलसर जागी तेरड्याचा गुलाबी पट्टा असतो. आम्ही गेलो तेव्हा सोनकी संपत आली होती आणि गवत कमरेएवढं, करड्या-सोनेरी रंगाचं. वर एक कापशी पंख फडफडवत एका जागी थांबून खाली उंदीर शोधत होती. या गवताची सगळ्यात मोठी भीती वणव्याची. जानेवारीनंतर एक बिडी पुरते. एप्रिलच्या रात्री पुण्यातून या डोंगरावर जळती रेघ दिसते, तेव्हा लोक गच्चीवरून फोटो काढतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं त्या रात्री काय होत असेल, हे सांगायला नको. गवत म्हणजे पडीक, असा आपल्या कागदपत्रांचा जुना समज आहे. म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर गवताच्या जागी गिरिपुष्प लावलं गेलं. ते भराभर वाढलं, त्याखाली दुसरं फार काही वाढलं नाही, आणि कागदावर टेकड्या हिरव्या झाल्या.

दुपारचं ऊन चढलं तसं बोलणं कमी झालं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी एका खुरट्या झाडाच्या सावलीत तिघांनी आळीपाळीनं बसून खाल्ली, कारण सावली एकाचीच होती. डावीकडे आता पुरंदर-वज्रगडाची जोडी मागे पडली होती आणि पुढे राजगडाचा बालेकिल्ला, त्यामागे तोरण्याचा आडवा पसारा उघडला होता. खाली कोंढणपूर, तुकाईचं देऊळ असलेलं. उजवीकडे खडकवासल्याचं पाणी. या एका जागेवरून शिवाजी महाराजांच्या आयुष्याची पहिली पंचवीस-तीस वर्षं डोळ्यांसमोर मांडलेली दिसतात: तोरणा, राजगड, पुरंदर, शिवापूर, कोंढाणा. शाळेत ती धड्यांच्या क्रमानं येतात, त्यामुळे एकमेकांपासून फार लांब वाटतात. प्रत्यक्षात एका किल्ल्यावरचा जाळ दुसऱ्यावरून दिसावा, इतकीच अंतरं आहेत.

दूरदर्शनचा मनोरा सकाळपासून समोर असतो आणि तीच या वाटेची मोठी फसवणूक आहे. प्रत्येक माथ्यावर वाटतं, आता ही एक खिंड आणि पुढे गड. मग नवा डोंगर उभा राहतो. शेवटच्या तीन-चार डोंगरांत वाट काही ठिकाणी झुडपांतून जाते, एक-दोन ठिकाणी फाटे फुटतात. नियम सोपा: धार सोडायची नाही. खाली उतरणारी ठळक वाट दिसली तरी ती गावाकडे जाते.

अखेर धार सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागते आणि डांबर येतं. इथून गडाच्या वाहनतळापर्यंत काही किलोमीटर रस्त्यानं. बरेच जण इथे जीपला हात करतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. आम्ही चालत गेलो. तेरा डोंगरांपेक्षा हा रस्ता जास्त लांब वाटला.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांनिशी कड्यावरून चढले आणि पडले. गडावर त्यांची समाधी आहे, मार्च १७०० मध्ये याच गडावर वारलेल्या राजाराम महाराजांची आहे, लोकमान्य टिळकांचा बंगला आहे. हे सगळं सगळ्यांना माहीत असतं आणि दिवसभर चालून आलेला माणूस त्यातलं काहीही बघत नाही. तो देवटाक्याचं पाणी पितो. बाराही महिने टिकणारं हे पाणी त्याच कठीण कातळाची करामत. टाकं खोदलं, की त्यातून पाणी सहसा झिरपून जात नाही. धार अरुंद, तिच्यावर पाणी ठरत नाही आणि टाकी खोदायला तिथे कुणी राहिलं नाही, म्हणून दिवसभर थेंब मिळाला नव्हता. मग झोपडीत बसून कांदाभजी, पिठलं-भाकरी, ठेचा, आणि मडक्यातलं दही. हे दही पायथ्याच्या गावांतल्या बायका डोक्यावर घेऊन चढून येतात. भाचीनं एका मावशींना अभिमानानं सांगितलं, की आम्ही कात्रजहून चालत आलो. मावशींनी विचारलं, “गाडी चुकली का?”

जाणाऱ्यांसाठी थोडं. दसऱ्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत जा. भर पावसात धुकं आणि निसरडं, फेब्रुवारीनंतर ऊन आणि वणवे. जुन्या बोगद्यापासून सहाच्या आत निघा, म्हणजे चार-साडेचारला गडावर पोचाल. माणशी चार लिटर पाणी, टोपी, एक काठी, झिजलेले नसतील असे बूट. कोरे बूट नकोत. पाच-सहा जणांपेक्षा जास्त जाऊ नका, काडीपेटी नेऊ नका, आणि नेलेलं प्लॅस्टिक परत आणा. पुण्यात घर घ्यायच्या विचारात असाल तर त्या भागाचा नकाशा सोबत घ्या आणि वरून खाली बघा. बुकिंगच्या आधी जा, नंतर नको.